शाखा निवडताना मांडलेला हिशेब

आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात गेली काही वर्षे एक प्रश्न मला न चुकता विचारला जातो. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला पोहोचलेले किंवा ग्रामीण सेवेचे वर्ष करीत असलेले एखादे मूल जेवणानंतर बाजूला घेऊन म्हणते, "सर, पुढे कोणती शाखा घ्यावी?" मुलांना संकोच असतो, म्हणून ती एवढ्यावरच थांबतात. सोबत आलेले वडील मात्र तो प्रश्न पुरता विचारतात, "पैसा कशात हाये, ते सांगा सर." स्मरणिका समितीने यंदा काही लिहून देण्यास सांगितले, तेव्हा शाळेच्या आठवणींपेक्षा या प्रश्नाचेच उत्तर सविस्तर लिहावे असे वाटले. ते उत्तर मला ज्या विचाराने सापडले, तो विचारही याच शाळेच्या वंदनागृहात कानी पडलेला आहे.

वडिलांचा हा प्रश्न हलका समजू नये. ज्या घरात दोन पिढ्यांपासून दवाखाना चालत आलेला आहे, तेथील मुलाने 'मला ज्यात आनंद वाटतो ते मी करीन' असे म्हणणे सोपे असते, कारण त्या आनंदाचा खर्च आधीच कोणीतरी भरलेला असतो. आपल्या वसतिगृहात येणारी मुले तिवसा, मोर्शी, चांदूर रेल्वे या भागांतील कोरडवाहू शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची. माझी आई हंगामात कापूस वेचायला जात असे. मजुरी किलोवर मिळे आणि दिवाळीनंतरच्या त्या दोन महिन्यांत तिच्या बोटांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे कायमचे असत. अशा घरातील मूल डॉक्टर होते, तेव्हा त्याच्या पहिल्या पगाराची वाट पाहणारे बरेच असतात. वडिलांचा दमा असतो, बहिणीचे शिक्षण असते, गळके छप्पर असते, आणि आपले शिक्षण सोडून कामाला लागलेला धाकटा भाऊ असतो. त्याच्यासमोर पैशाचा विचार करणे म्हणजे लोभ, असे म्हणणारा माणूस त्या घरात राहिलेला नसतो.

घराच्या मागण्यांसोबत आपल्यावर आणखी एक मागणी असते. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी खंत व्यक्त केली, ती आपल्या प्रत्येक जयंतीच्या व्यासपीठावरून आपण ऐकत आलो आहोत. शिकलेले लोक आपापल्या संसारात गुंतले आणि समाजाकडे त्यांनी पाठ फिरवली, हे त्या खंतीचे सार. त्यामुळे आपल्या मुलाला दोन ऋणे एकाच वेळी फेडायची असतात, एक घराचे आणि एक समाजाचे. दोन्ही खरी आहेत. एका बाजूने घर ओढते, दुसऱ्या बाजूने समाज ओढतो, आणि मधोमध उभा असलेला पंचवीस-सव्वीस वर्षांचा तरुण संगणकापुढे बसून पसंतीक्रमाचा अर्ज भरीत असतो.

त्या अर्जाचे जग कसे आहे, हे पालकांसाठी थोडक्यात सांगतो. एमबीबीएसनंतर विशेष शाखेचे शिक्षण तीन वर्षांचे. गुणवत्ता यादीत जे वर असतात, त्यांतील बहुतेक जण रेडिओलॉजी, त्वचारोग आणि मेडिसिन या शाखांकडे वळतात. रेडिओलॉजीत म्हणजे एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि एमआरआयच्या कामात मिळकत चांगली, कामाचे तास बरेचसे ठरलेले आणि रात्री-अपरात्रीची धावपळ त्या मानाने कमी. याउलट शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र या शाखांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात. २०२३ साली तर रिकाम्या जागा भरण्यासाठी 'नीट-पीजी'ची पात्रता शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणली गेली. ज्या शाखांवर सगळे वैद्यकीय शिक्षण उभे आहे, त्या शिकवायला माणसे मिळू नयेत, ही बाजाराची मांडणी आहे. मुलाच्या गुणांवरून त्याची शाखा ठरते असे आपण मानतो. प्रत्यक्षात त्याचे गुण त्याला निवडीचा हक्क देतात आणि निवड बहुधा बाजार करतो.

माझा क्रमांक त्या वर्षी रेडिओलॉजी मिळण्यासारखा होता. मी भूलशास्त्र घेतले. याला कोणी त्याग म्हणू नये म्हणूनच हा लेख लिहीत आहे. तो त्याग नव्हता, हिशेब होता. फक्त हिशेबाचे रकाने वेगळे होते.

ते रकाने मला वसतिगृहात मिळाले. आठवीत किंवा नववीत असताना एका रविवारी वंदनेनंतर भन्तेजींनी अनाथपिंडिकाची गोष्ट सांगितली होती. अनाथपिंडिक हा श्रावस्तीचा मोठा व्यापारी, जेतवनाचा दाता. अंगुत्तर निकायात अशी कथा आहे की, भगवंतांनी त्याला गृहस्थाची चार सुखे समजावून सांगितली. पहिले अत्थिसुख. स्वतःच्या कष्टाने, धर्माने मिळवलेले धन आपल्यापाशी आहे, याचे सुख. दुसरे भोगसुख. त्या धनाचा उपभोग घेता येतो आणि त्यातून पुण्यकर्मे करता येतात, याचे सुख. तिसरे अनणसुख. आपण कोणाचे काही देणे लागत नाही, याचे सुख. चौथे अनवज्जसुख. आपल्या काया-वाचा-मनाने निंद्य असे काही घडलेले नाही, याचे सुख. पहिली तीन सुखे चौथ्याच्या सोळाव्या हिश्शाचीही नाहीत, असेही भगवंतांनी त्याला सांगितले.

त्या वयात मला त्यातले तिसरे सुख लगेच कळले. वऱ्हाडातल्या मुलाला ऋणमुक्तीचे सुख समजावून सांगावे लागत नाही. सावकार दारात येऊन बसला की घरातली माणसे कशी हळू बोलू लागतात, हे त्याने पाहिलेले असते. चौथ्या सुखाचा अर्थ उमगायला मात्र पुढची बरीच वर्षे लागली.

पसंतीक्रम भरण्यापूर्वी मी एका वहीत हिशेब लिहिला. घरावर त्या वेळी सोसायटीचे, बचत गटाचे आणि दोन नातेवाइकांचे मिळून २ लाख ४० हजार रुपये कर्ज होते. घराला दरमहा किती लागते, बहिणीचे शिक्षण किती वर्षे चालेल, भावाला पुन्हा कॉलेजात घालायचे तर किती खर्च, हे सगळे मांडले. अशा रीतीने 'पुरेसे' म्हणजे किती याचा एक आकडा निघाला. तो निघेपर्यंत मिळकतीविषयी माझ्या मनात केवळ 'जास्त' आणि 'कमी' हे दोनच शब्द होते. 'जास्त' या शब्दाला शेवट नसतो. आकड्याला असतो.

त्यानंतर मी दुसरा प्रश्न लिहिला, 'ही शाखा उभी करायला नवे कर्ज किती?' याचा विचार आपली मुले सहसा करीत नाहीत. सर्जनला किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाला स्वतःचे बस्तान बसवायचे तर रुग्णालय उभारावे लागते. रेडिओलॉजिस्टला नोकरीत पगार मोठा मिळतो, पण स्वतःचे केंद्र काढायचे तर यंत्रांसाठी कोटीच्या घरात कर्ज काढावे लागते आणि मग ती यंत्रे चालती ठेवण्याची चिंता रोजची होते. ज्याच्या वडिलांच्या नावावर तारण ठेवण्यासारखे काही नाही, त्याने हे गणित आधीच करावे. भूलतज्ज्ञाला मात्र रुग्णालय लागत नाही. लॅरिंगोस्कोप, नळ्या, ॲम्ब्यू बॅग आणि औषधे ठेवलेली एक पिशवी घेऊन तो बोलावणे येईल तेथे जातो आणि पदवी मिळाल्याच्या दुसऱ्या महिन्यापासून कमावू लागतो. त्याची मिळकत रेडिओलॉजिस्टपेक्षा कमी, पण माझ्या वहीतल्या आकड्यापेक्षा जास्त होती. नवे कर्ज शून्य होते.

आता कामाची बाजू. ग्रामीण सेवेच्या वर्षी मी एका शासकीय रुग्णालयात होतो. एका रात्री पहिलटकरीण आली. बाळ अडले होते. रुग्णालयात शस्त्रक्रियागृह होते, त्या रात्री स्त्रीरोगतज्ज्ञही हजर होत्या. भूलतज्ज्ञाचे पद रिकामे होते. भूल देणारा नाही म्हणजे सिझेरियन नाही. बाईला रुग्णवाहिकेत घालून अमरावतीला पाठवावे लागले. आई वाचली. बाळ वाटेतच गेले. तिची सासू दुसऱ्या दिवशी कागद न्यायला आली, तेव्हा तिने मला विचारले, "येथं डॉक्टरीन होती ना बाप्पा, मंग काहून नाई केलं?" या प्रश्नाचे उत्तर मी तिला दिले, पण ते तिला पटले नाही. शस्त्रक्रिया करणारा एक आणि झोपवणारा दुसरा, आणि दुसऱ्याशिवाय पहिल्याचे हात बांधलेले, हे लोकांना ठाऊक नसते. ही उणीव इतकी जुनी आहे की, शासनाने एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन आपत्कालीन प्रसूतीसाठी भूल द्यायला शिकवण्याचा कार्यक्रमच सुरू केलेला आहे.

याच जिल्ह्यातील एक उदाहरण त्या दिवसांत माझ्यासमोर होते. डॉ. रवींद्र कोल्हे हे मूळचे शेगावचे, नागपूरला एमबीबीएस झालेले. १९८५च्या सुमारास ते मेळघाटातील बैरागडला गेले. हरिसालपासून चाळीस किलोमीटर चालत जावे लागे, असे ते गाव. पहिल्या तपासणीचे दोन रुपये आणि नंतरच्या तपासणीचा एक रुपया, एवढी त्यांची फी. लग्नासाठी मुलगी पाहताना त्यांनी घातलेल्या अटी सर्वांना माहीत आहेत. चाळीस किलोमीटर चालण्याची तयारी, पाच रुपयांतले नोंदणी लग्न, महिन्याला चारशे रुपयांत संसार, आणि लोकांसाठी भीक मागण्याचीही तयारी. डॉ. स्मिता कोल्हे यांनी या अटी मान्य केल्या. नागपुरात चाललेला आपला व्यवसाय सोडून त्या बैरागडला गेल्या. २०१९ साली दोघांना पद्मश्री मिळाली.

आपल्या कार्यक्रमांत या गोष्टीतला एक रुपया आणि चारशे रुपये तेवढे सांगितले जातात. मला त्यातला दुसराच प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. बैरागडला गेल्यावर त्यांच्याकडे स्फोटात हात गमावलेला एक रुग्ण आला आणि त्याच्यासाठी आवश्यक ते करण्याइतके आपले शिक्षण नाही, हे त्यांच्या लक्षात आले. ते परतले आणि त्यांनी एमडी केले, तेही प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्रात, म्हणजे पैशाच्या दृष्टीने यादीत अगदी तळाशी असलेल्या शाखेत. आजार एकेका माणसाचा नाही, तो भुकेचा आणि वस्तीचा आहे, हे मेळघाटात पाहिलेल्या माणसाने घेतलेली ती शाखा होती. पुढे मेळघाटातच उतावलीला फिजिशियन डॉ. आशिष सातव आणि नेत्रतज्ज्ञ डॉ. कविता सातव यांनी काम उभे केले. या सर्वांनी शाखेची निवड आपल्या गुणपत्रिकेवरून न करता, जेथे काम करायचे तेथे काय कमी आहे ते पाहून केली, किंवा घेतलेली शाखा जेथे नव्हती तेथे नेली.

मी बैरागडला गेलो नाही. चारशे रुपयांच्या बरोबरीचा संसार मला शक्य नव्हता, कारण माझ्यावर चार माणसे अवलंबून होती आणि त्यांना विचारल्याशिवाय त्यांचे हाल ठरवण्याचा अधिकार मला नव्हता. कोल्हे दांपत्याचे उदाहरण चाबकासारखे वापरून पहिल्या पिढीच्या मुलांना अपराधी वाटायला लावणे योग्य नाही, असे माझे मत आहे. पण 'येथे काय कमी आहे?' हा त्यांचा प्रश्न कोणालाही घेता येतो. तो मी घेतला. माझ्या भागात भूल देणारे कमी होते.

घरी सांगितले तेव्हा आईने बराच वेळ विचार करून विचारले, "गुंगी देणारा डॉक्टर म्हंजे डॉक्टरच व्हय ना रे?" मी हो म्हणालो. "मंग लोक तुले ओळखतीन कसे?" यावर मला उत्तर सुचले नाही, कारण तिचे म्हणणे खरे होते. भूल दिलेल्या माणसाला सर्जनचे नाव आयुष्यभर आठवते. आपल्याला झोपवणाऱ्याचे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे जागे करणाऱ्याचे, नाव सहसा त्याला ठाऊक नसते. धाकट्या भावाने तेवढ्यात हिशेबाची वही पुढे ओढली. तो तेव्हा चाकणला एका कारखान्यात कामाला होता. शेवटचा आकडा पाहून म्हणाला, "दादा, कर्ज फिटते ना यात? मंग झालं. पर मले आणखी तीन वर्षं थांबा लागन." ती तीन वर्षे त्याने दिली. माझ्या पदवीवर त्याचेही नाव आहे, असे मी नेहमी म्हणतो. पण पदवीवर दुसरे नाव घालता येत नाही आणि त्याची तीन वर्षेही परत करता येत नाहीत. कर्ज मात्र ठरल्याप्रमाणे फिटले, आणि तो पुढे बहिस्थ विद्यार्थी म्हणून बी.ए. झाला.

आज आठवड्यातले बहुतेक दिवस मी अमरावतीच्या खाजगी रुग्णालयांमध्ये भूल देतो. त्याशिवाय ग्रामीण भागातील शासकीय रुग्णालयांतून सिझेरियनसाठी बोलावणे आले की जातो. तेथे प्रत्येक केसमागे ठरलेले मानधन मिळते. ते खाजगीपेक्षा बरेच कमी असते. रात्री दोन वाजता पाठीच्या मणक्यात सुई देऊन बाईच्या उशाशी बसावे, तिचा रक्तदाब उतरू लागला की सावरावा, आणि पडद्यापलीकडून बाळाचे रडणे ऐकू आल्यावर ती आपल्याकडे मान वळवून 'पोरगी का पोरगा?' असे विचारते, ते ऐकावे. स्पायनल भुलीत आई जागी असते, म्हणून तो प्रश्न सर्वांत आधी भूलतज्ज्ञाच्या वाट्याला येतो. त्या रात्रीच्या सासूला जे सांगता आले नाही, ते मी अशा रात्री करीत असतो.

या शाखेचा त्रास लपवू नये. झोप मोडते. सणावाराला पिशवी हातात असते. आपला म्हणून रुग्ण नसतो, त्यामुळे आपले बोलावणे दुसऱ्याच्या मर्जीवर असते. आणि येथेच मला ते चौथे सुख समजले. काही वर्षांपूर्वी एका खाजगी रुग्णालयात मला मोठ्या शस्त्रक्रियेसाठी बोलावले होते. रुग्णाच्या अंगात रक्त फार कमी होते आणि रक्ताच्या बाटल्यांची सोय झालेली नव्हती. शस्त्रक्रिया तातडीची नव्हती. रक्त आल्याशिवाय भूल देणार नाही, असे मी सांगितले. वाद झाला. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी रक्त आल्यावर झाली, रुग्ण सुखरूप घरी गेला आणि त्या रुग्णालयाने मला पुढे बोलावणे बंद केले. माझ्या मिळकतीचा जवळजवळ पाचवा हिस्सा तेथून येत असे.

त्या महिन्यात घरखर्चाला कात्री लावावी लागली, पण कोणाचा हप्ता चुकला नाही, कारण हप्ताच नव्हता. तेव्हा मला भगवंतांनी सांगितलेल्या सुखांचा क्रम कळला. ज्याच्या डोक्यावर देणे आहे त्याला 'नाही' म्हणणे फार महाग पडते. अनणसुख हे अनवज्जसुखाचे कुंपण आहे. वैद्यकीय व्यवसायात रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देण्या-घेण्याचा जो प्रकार आहे, त्याविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार करण्यासाठी २०१७ साली राज्य शासनाने समितीही नेमली होती. त्यात सापडणारी सगळीच माणसे मुळात वाईट असतात असे मला वाटत नाही. अनेकांच्या मागे बँकेचा हप्ता उभा असतो.

कोणी म्हणेल, मग पैसा कमावूच नये काय? बौद्ध परंपरेचा सर्वांत मोठा वैद्य जीवक याची विनयपिटकातील कथा अशांनी आठवावी. उकिरड्यावर टाकून दिलेले ते मूल राजपुत्र अभयाने वाढवले. राजाच्या घरी अंगी कला असल्याशिवाय निभाव लागणे कठीण, असा व्यावहारिक विचार करूनच तो तक्षशिलेला वैद्यक शिकायला गेला. परतताना साकेत नगरीत शिदोरी संपली, म्हणून त्याने सात वर्षे डोकेदुखीने त्रासलेल्या श्रेष्ठीच्या पत्नीवर उपचार केले. त्या घराने त्याला सोळा हजार कार्षापणे दिली. ती पहिली कमाई त्याने आपल्याला वाढवणाऱ्या अभयापुढे नेऊन ठेवली आणि अभयाने ती त्यालाच परत केली. पुढे जीवक राजाचाही वैद्य झाला आणि भिक्षुसंघाचाही. श्रीमंतांकडून त्याने भरपूर घेतले, संघाकडून काही घेतले नाही आणि आपले आम्रवन दान दिले. धनाला नकार देणे हा त्याचा मोठेपणा नव्हता. पहिले कोणाचे ऋण फेडायचे आणि कोणाकडून काही घ्यायचे नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. बाबासाहेबही १९१८ ते १९२० या काळात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, ते पगारातून बचत करून लंडनचे अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी.

माझ्या बरोबरचा एक मित्र रेडिओलॉजिस्ट झाला. तो आज दोन मुलींच्या नर्सिंगची फी भरतो आणि त्याविषयी कोठे बोलत नाही. त्याच्यापेक्षा माझी निवड श्रेष्ठ, असे मी म्हणणार नाही. त्यानेही आपला आकडा ठरवला होता आणि आकड्याच्या वरचे त्याने वाटून टाकले.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, शाखा कोणती हे मी सांगणार नाही. पण अर्ज भरण्यापूर्वी एक वही घ्या. घराचे देणे किती आणि पुरेसे किती, हे आईवडिलांसोबत बसून लिहा. शाखा उभी करायला नवे कर्ज किती लागेल, ते त्याखाली लिहा. ज्या शाखेचा विचार आहे, त्या विभागात एक रात्रपाळी जाऊन बसा आणि पहाटे आपल्याला कसे वाटते ते लिहा. आपल्या भागात कशाची उणीव आहे, ते लिहा. शेवटी हेही लिहा की, या शाखेत आपल्याला 'नाही' म्हणता येईल काय. पालकांनाही विनंती आहे की, पैसा कशात आहे हे जरूर विचारा, पण मुलाला आणखी किती कर्ज काढावे लागेल, हेही त्याच श्वासात विचारा.

पुढच्या मेळाव्यात ही वही घेऊन या. जेवणानंतर वंदनागृहाच्या पायऱ्यांवर बसून आपण ती मिळून पाहू.

नमो बुद्धाय! जय भीम!